सहावी बरणी

१ फेब्रुवारी १९९७, शनिवार. सकाळची शाळा सुटल्यानंतर. मुख्याध्यापकांची खोली, उधना, सुरत.

हजर: मुख्याध्यापक देसले सर. शाळेमागच्या, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलचे मालक आणि संस्थेचे विश्वस्त, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'शेठ' म्हणायचो. शिपाई कौतिकदादा, दारात उभे. विज्ञानाच्या अहिरराव बाई. आणि मी, गणित शिकवणारी आणि वेळापत्रक सांभाळणारी शिंदेबाई, टिपण घ्यायला बोलावलेली. टेबलावर काचेच्या पाच बरण्या, प्रत्येकीच्या तोंडावर एक कांदा बसवलेला.

विषय: बरण्या उचलणे.

टिपणात मी पहिली ओळ अशी लिहिली: 'अहिरराव बाई नाही म्हणाल्या.' पुढे अर्धा तास सभा चालली, तरी त्या ओळीत मला काही बदल करावा लागला नाही.

अहिरराव बाई साक्रीकडच्या. ठेंगण्या, चालायला झपाझप, पदर कायम खोचलेला. पर्समध्ये इतर बायकांच्या कंगवा-पावडर असते, ह्यांच्या पर्समध्ये काडेपेटी आणि दाढीचं जुनं पातं. उजव्या हाताचा अंगठा लाल. नवीन आलेल्या शिक्षिकेला वाटायचं कुंकू सांडलं असेल. ते कुंकू नव्हतं. कांद्याच्या मुळाचं टोक कापून लाल द्रावणात गरम करायचं, काचपट्टीवर ठेवायचं, वर टीपकागद धरून अंगठ्यानं दाबायचं, असा त्यांचा उद्योग होता. "दाबायचं, फिरवायचं नाही," असं त्या प्रत्येक मुलाला बजावायच्या आणि शेवटी स्वतःच दाबायच्या. तो रंग महिना महिना जात नसे.

नववीच्या पुस्तकात पेशीविभाजनाचं एक चित्र होतं. परीक्षेला यायचं ते चित्र. प्रयोग करायलाच हवा असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. उधन्यातल्या आमच्या मराठी शाळेत चित्र फळ्यावर काढणं, मुलांनी ते वहीत उतरवणं, नावं देणं एवढं पुरेसं होतं. बाईंना ते पुरत नव्हतं. एखादा मुलगा घडाघडा उत्तर म्हणाला की त्या विचारायच्या, "बघितलंस का?" तो वहीकडे बघायचा. "मग कोणाचं सांगतोयस?"

शाळेत सूक्ष्मदर्शक होता, पण तो देसले सरांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात. कुणा देणगीदाराची भेट. वर्षातून एकदा, दसऱ्याला, तो बाहेर निघायचा. सरस्वतीचं चित्र, घंटा, नकाशे, फूटपट्टी, ह्यांच्या रांगेत त्यालाही झेंडू आणि हळदीकुंकू मिळायचं. मग परत कपाटात. एका दसऱ्याला पूजा आटोपली, प्रसाद वाटून झाला, आणि कौतिकदादा सूक्ष्मदर्शक उचलायला गेले तर तो जागेवर नव्हता. बाई तो काखोटीला मारून नववीच्या वर्गाकडे निघाल्या होत्या.

"अहो बाई, कुठे नेताय?" देसले सर मागून धावले.

"कामाला."

"किमती वस्तू आहे ती. पोरं मोडतील."

बाई थांबल्या. "सर, आमच्या गल्लीत दसऱ्याला मागाची पूजा करतात. दुसऱ्या दिवशी माग चालवतात की कपाटात ठेवतात?"

सूक्ष्मदर्शक परत कपाटात गेला नाही. त्याच्या नळीवरचं हळदीचं बोट बाईंनी पुसलं नाही. "राहू दे, हळदीनं काय अडतंय," म्हणाल्या.

शिकवताना मी त्यांना दोनतीनदा ऐकलं, कारण माझा वर्ग भिंतीपलीकडे होता आणि भिंत वरपर्यंत नव्हती. वर्गातली बहुतेक मुलं यंत्रमागावर काम करणाऱ्यांची. कुणी खानदेशातली, कुणी माझ्यासारखी मराठवाड्यातली. मुलं रांगेनं येऊन डोळा लावायची आणि बाई शेजारी उभ्या राहून सांगायच्या. "ही एक पेशी. हिला दोन व्हायचंय. पण ती घाई करत नाही. आधी आतली सगळी सूत्रं दुप्पट करते. मग त्यांची मधोमध रांग लावते. मग दोन्हीकडे खेचून नेते, इकडे जेवढी तेवढीच तिकडे. आणि मग मध्ये भिंत घालते." एकदा पुढे म्हणाल्या, "आपल्याकडे भावाभावांची वाटणी बघितलीय ना? आपण आधी वाटतो, मग रडतो. ही आधी दुप्पट करते, मग वाटते. म्हणून भांडण नाही." वर्ग हसला. माझा वर्गही हसला, त्यामुळे माझं त्रैराशिक बोंबललं.

मग १९९६ची दिवाळी आली. त्या सुट्टीत शेठनी शाळेला बोअर मारून दिली. त्याआधी टँकर यायचा, कधी यायचा नाही. बोअरवर टाकी बसली, टाकीला तोट्या बसल्या, फाटकाशी संगमरवरी पाटी बसली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पाणी होतं, आणि उधन्यात पाणी असणं म्हणजे काय ते टँकरमागे धावलेल्या माणसाला विचारावं.

डिसेंबरात बाईंनी नेहमीप्रमाणे कांदे लावले. बरणी पाण्यानं भरायची, कांद्याचं बूड पाण्याला जेमतेम टेकेल असा तो तोंडावर बसवायचा. तीनचार दिवसांत पांढरी मुळं खाली उतरतात. ह्या वेळी उतरलीच नाहीत. नखाएवढी आली, टोकं तपकिरी पडली, आणि तिथेच थांबली. बाईंनी कांदे बदलले. तेच. तेव्हा त्या वर्गात म्हणाल्या, "ह्या वर्षी कांदा वाईट आलाय."

आता हे वाक्य खानदेशी मुलांच्या वर्गात बोलायचं नव्हतं. बाई स्वतः साक्रीच्या, त्यांना कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी फाटकाशी तीनचार पालक उभे, रात्रपाळी करून थेट आलेले, केसांत कापसाची लव. पुढे दगाआप्पा. त्यांच्या हातात अर्धं पोतं.

"बाई, आमना कांदा वाईट शे असं कोन म्हने?"

"मीच म्हनस, आप्पा."

"मना भाऊना वावरना कांदा शे हाऊ! दुबईले जास!"

"दुबईले जाऊ दे. आठे त्याले मूळ फुटत नही, त्याले मी काय करू?"

मागून एक जण म्हणाला, "बाई, तुमना हात लागना व्हई." म्हणजे दोष बाईंच्या हातात. सगळे हसले, बाई सोडून. दगाआप्पांनी पोतं तिथेच ओतलं. "लावा. कोन्ताबी लावा. मूळ नही फुटनं तं मना नाव दगा नही."

बाईंनी लावले. मूळ फुटलं नाही. पुढे आठवडाभर दुसऱ्या-तिसऱ्या घरचे कांदे येत राहिले, पिंपळनेरचे, मालेगावचे, कुणाच्या मामाच्या शेतातले. जो तो आपापल्या गावची अब्रू बरणीवर ठेवून जायचा. विज्ञानाच्या वर्गाची खिडकी बाजार समितीसारखी दिसायला लागली. एकाही कांद्याची मुळं उतरली नाहीत. आणि गंमत म्हणजे कोणालाही, बाईंनाही, बरणीत काय आहे ते पाहायचं सुचलं नाही. सगळ्यांचं लक्ष बरणीच्या तोंडावर.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुट्टीत रेखा नावाची मुलगी चलथाणला घरी गेली. तिचे वडील तिथल्या साखर कारखान्यात, ती उधन्यात मावशीकडे राहून शिकायची. जाताना तिनं दगाआप्पांच्या ढिगातला एक कांदा आणि एक रिकामी बरणी नेली. आठवडाभर राहून, पतंगाच्या मांज्यानं बोटं कापून घेऊन ती परत आली, तेव्हा बरणीत पांढरीशुभ्र दाढी होती. मुळं बरणीच्या तळाला टेकून वळली होती.

बाईंनी कांदा उचलला, मुळं बघितली, परत ठेवला. मग विचारलं, "पाणी कुठलं?"

"आमच्या विहिरीचं."

बाई फळ्याकडे गेल्या आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मी चुकले. कांदा बरोबर आहे.' ते वाक्य त्यांनी संध्याकाळपर्यंत पुसू दिलं नाही. दगाआप्पांचा मुलगा घरी धावत गेला.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या. "शिंदेबाई, तुमच्यासारख्या चिठ्ठ्या कोणाला लिहिता येत नाहीत. बरण्यांवर चिकटवायला चार लिहा."

मी पाच लिहिल्या. कांदे एकाच ढिगातले, आकारानं सारखे. पहिली बरणी: चलथाणची विहीर. दुसरी: बाईंच्या घरचा महापालिकेचा नळ. तिसरी: डाइंग मिलमध्ये कामगार पितात ते पाणी. चौथी: शाळेची बोअर. पाचवी: शाळेची बोअर, उकळून. ही पाचवी मी सुचवली, कारण देसले सर काय म्हणणार ते मला आधीच माहीत होतं.

निकाल सांगायला फार वेळ लागत नाही. पहिल्या दोन बरण्यांत दाढ्या. उरलेल्या तिन्हींत नखं.

बाई तिथेही थांबल्या नाहीत. पाचही बरण्यांतली टोकं त्यांनी सकाळीच कापली. विभाजन बघायचं तर सकाळचं मूळ घ्यावं असं त्यांचं म्हणणं. एकेक काचपट्टी केली आणि मला बोलावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या नळीला डोळा लावला. चलथाणच्या पट्टीवर लाल सूत्रांच्या रांगा स्पष्ट दिसत होत्या, कुठे मधोमध उभ्या, कुठे दोन टोकांना सरकलेल्या. शाळेच्या पट्टीवर विभाजन होत असलेल्या पेशी शोधाव्या लागत होत्या. ज्या सापडल्या त्यांत एखादं सूत्र मागेच राहिलेलं, एखादं तुटून भलतीकडे पडलेलं. मला विज्ञान येत नाही. पण रांग बिघडलेली मला कळते.

बाई म्हणाल्या, "कांदा म्हणजे पोर नव्हे, हे मला कळतं. कोणी तसं म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. पण पोरही वाढतं ते हेच करून. कांद्याला ज्या पाण्यात हे जमत नाही त्या पाण्यावर आपण शाळाभर पोरं वाढवतोय. निदान तपासा तरी!"

बरण्या त्यांनी नेऊन सरांच्या टेबलावर मांडल्या. अशा रीतीनं आपण १ फेब्रुवारीच्या सभेत येतो.

देसले सर वाईट माणूस नव्हते. ते घाबरलेले होते, आणि त्यांना कारण होतं. नवीन वर्गखोल्यांचं छत शेठच घालून देणार होते. ते म्हणाले, "बाई, आपण पाणी उकळून देऊ मुलांना."

बाईंनी पाचव्या बरणीवर बोट ठेवलं.

शेठ हसत म्हणाले, "बेन, शाळेत भणावायचं सोडून हे कांदा-लसूण काय मांडलंय? कांदा तर सडतोच."

"सडलेला नाही. वाढायचा थांबलाय. तुम्ही बघा." बाईंनी सूक्ष्मदर्शक त्यांच्यापुढे सरकवला. आधी चलथाणची पट्टी लावली, मग शाळेची.

शेठनी चष्मा कपाळावर सारला आणि ते वाकले. बाईंनी काहीच सांगितलं नाही. आयुष्य कापडात गेलेला माणूस; पट्टी बदलताच तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलून गेला, "आ तो तार तूटेलो छे."

धागा तुटलाय, हे त्यांच्याच तोंडून सगळ्यांनी ऐकलं. शेठनाही आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं. ते सरळ झाले, चष्मा खाली घेतला, आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "अहिररावभाई आपणे त्यांज छे ने?"

बाईंचे यजमान शेठच्या मिलमध्ये रंगखात्यात होते. प्रश्नाचा अर्थ कळला नाही असं त्या खोलीत कोणी नव्हतं.

"हो, तिथेच आहेत," बाई म्हणाल्या. "तिसरी बरणी त्यांनीच भरून आणली."

मी मान खाली घालून लिहीत राहिले. वर बघितलं असतं तर हसू आलं असतं.

शेठ उठले. "कांदा हटावो," एवढंच म्हणाले, बाईंना नाही, सरांना. सरांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मी म्हटलं ना, उचलणार नाही. फेकायला तर नाहीच. टेबल तुमचं आहे, ते मोकळं करते. बरण्या कुठे ठेवायच्या ते मी बघते." आणि एकेक करून त्यांनी त्या फाटकाशी नेल्या, संगमरवरी पाटीच्या खालच्या कट्ट्यावर ओळीनं मांडल्या, माझ्या चिठ्ठ्या रस्त्याकडे तोंड करून. परत येऊन त्यांनी तोट्यांना चिंध्या बांधल्या. सोमवारी मुलं घरून बाटल्या घेऊन आली. कोणाला सांगावं लागलं नाही. दगाआप्पांचा मुलगा कांद्यांची राखण करत होता. त्याच्या घरची इभ्रत होती त्यात.

आता किंमत. यजमानांना महिन्याच्या आत मिलमधून घरी बसवलं. बाईंकडून विज्ञान काढून घेतलं आणि चित्रकला दिली. वेळापत्रक मीच बदलून लिहिलं, सर शेजारी उभे होते. मी बाईंना विचारलं, "राजीनामा देणार?"

"का? चित्र काढता येतं मला."

पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर दोन बरण्या मांडल्या, एक दाढीवाली, एक नखवाली, आणि पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना चित्राचा विषय दिला: कांदा. दर आठवड्याला तोच. जूनमध्ये शाळेत नवीन मुलं आली, त्यांनीही कांदाच काढला. देसले सर एकदा म्हणाले, "बाई, जरा फुलं, डोंगर, सूर्य..." बाई म्हणाल्या, "सर, मुळं नीट काढता आली की फुलांकडे वळू." ती चित्रं घरोघर गेली, भिंतींना लागली. कोणा विश्वस्ताच्या नातीनंही एक काढून नेलं, असं कौतिकदादा सांगायचे. खरंखोटं मला माहीत नाही.

दिवाळीनंतर शाळेला महापालिकेचा नळ आला. कुणी मागणी केली, कुणी सही केली, काही कळलं नाही. फाटकाशी दुसरी संगमरवरी पाटी लागली, नळ शेठच्या सहकार्यानं आला अशी. मी चिडले. बाईंनी नळाखाली ओंजळ धरली, पाणी प्यायल्या, आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "लावू दे पाटी. पाटीला मूळ फुटत नाही."

त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे सहावी चिठ्ठी मागितली. डाइंग मिलच्या पलीकडच्या वस्तीत एक हातपंप आहे. आमची निम्मी मुलं त्या वस्तीतली, आणि कौतिकदादाही. बाई पाणी आणायला निघाल्या तेव्हा दादा आडवे आले. शाळेत कधी आवाज न चढवणारा माणूस.

"नका लावू, बाई. पाणी वाईट म्हणाल तर पंप उपटून नेतील. मग आम्ही प्यायचं काय? शाळेला शेठ आहे, सर आहेत. आम्हाला कोण आहे?"

"तेच पीत राहणार?"

"माहीत नसलं की पिता येतं."

बाई त्यांच्याशी भांडल्या. मोठ्यानं, अहिराणीत, अंगणात उभ्या राहून. मला अहिराणी समजते, बोलता येत नाही. एवढं समजलं की दोघांपैकी कोणीही चूक नव्हतं. शेवटी बाईंनी रिकामी बरणी माझ्या हातात दिली. "ठीक. आधी त्यांचा नळ. वस्तीत पाइपाचा खड्डा खणला गेला की त्याच आठवड्यात लावायची. शिंदेबाई, तुमच्या यादीत घ्या."

मी घेतली.

पुढच्या वर्षी यजमानांना कडोदऱ्याला यंत्रमागावर काम मिळालं आणि ते दोघं तिकडे गेले. निरोप समारंभ झाला नाही, कारण तो कोणी ठेवायचा हे ठरलं नाही. त्यानंतर एकदाच दिसल्या. मी बारडोलीहून एसटीनं परतत होते. कडोदऱ्याच्या चौकात बस थांबली, तर पलीकडे बाई उभ्या, पदर खोचलेला, हातात पिशवी. मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मी दिसले, तशी ट्रकांच्या आवाजावर ओरडून विचारलं, "खड्डा खणला का?"

मी मान हलवली, नाही.

त्यांनी हात वर करून बजावलं, विसरायचं नाही, अशा अर्थानं. बस सुटली. तेवढ्यात मला त्यांचा अंगठा दिसला. लालभडक होता, ताजा.

हे मी आज लिहितेय त्याचं कारण असं की परवा कौतिकदादा माझ्या वर्गाच्या दारात आले आणि टोपी सारखी करत म्हणाले, "बाई, खड्डा खणलाय. पाइप येऊन पडलेत." थोडं थांबून म्हणाले, "अहिरराव बाईंना कळवायला हवं." आणि मग, जाता जाता, "पाणी भरताना पंप मी हापसीन."

बरणी धुऊन खिडकीत ठेवली आहे. चिठ्ठी लिहून चिकटवली आहे. कांदा दगाआप्पांनी पाठवलाय, भावाच्या वावरातला, निवडून. पाणी आणायचं राहिलं आहे.